नाथषष्ठी अन् माझी सार्वजनिक खुर्ची

पैठणला नाथषष्ठीला जायचं म्हणलं की घरात पहिला प्रश्न, "तू? एवढ्या गर्दीत?" जसं काही व्हीलचेअरवाल्याने गर्दी फक्त टीव्हीवर बघावी असा शास्त्रातच नेम आहे. मी ऐकत नसतो. 1599 साली फाल्गुन वद्य षष्ठीला एकनाथ महाराजांनी गोदावरीत समाधी घेतली, तीच ही तिथी, रंगपंचमीचा दुसरा दिवस, तिथून अष्टमीच्या काल्यापर्यंत नुसत्या दिंड्याच दिंड्या, अन् ऊन असं की चाकाची रिंग हाताला चटके देती.

आता आपल्या मराठवाड्यातला माणूस मदतीला कधी नाही म्हणत नाही, फक्त कुठं जायचंय ते विचारत नाही. मी रसवंतीवर निवांत ग्लास तोंडाला लावलेला, तेवढ्यात मागून दोन वारकरी आले, "चला माऊली" म्हणले अन् खुर्ची ढकलत थेट दर्शनबारीत. अहो मला रस प्यायचाय हे सांगस्तोवर रसवंती दिसंना झाली. ग्लासचे पैसे मित्राने दिले, अजून काढतो तो विषय.

पायऱ्या आल्या की तर विचारूच नका. चार जण जमले, "बोला पुंडलिक वरदे" झालं अन् आर्मरेस्ट धरून उचललं. आर्मरेस्ट निघायचाच असतो हो, गाडीत सरकून बसता यावं म्हणून! एकाच्या हातात आर्मरेस्ट, दुसऱ्याच्या हातात फुटरेस्ट, मी जागच्या जागी.

"अर्र, तुटली की बप्पा!"

"तुटली नाही मामा, फ्रेम धरा फ्रेम."

"फ्रेम कुठंय हिची?"

तापलेल्या वाळवंटात रडणारं पोर नाथांनी कडेवर उचलून घेतलं ती गोष्ट याच काठची, त्यामुळं उचलायची परंपरा जुनीच आहे इथं. फक्त त्या पोराला सुटे पार्ट नव्हते.

वाळूत पुढची छोटी चाकं रुततात, म्हणून खुर्ची मागं कलवून उलटी ओढावी लागती. मी सगळी जत्रा रिव्हर्समधे बघितली, आधी भज्यांचा वास जायचा, मग गाडा दिसायचा. त्याच नादात एका हॉटेलवाल्याने आग्रहाने बोलावलं, "या की, रॅम्प टाकलाय तुमच्यासाठी!" ओटा दीड फूट उंच. नियम म्हणतो एक फूट चढायला बारा फुटाचा उतार, म्हणजे अठरा फूट लागतात, त्याची फळी चार फुटाची. त्याच्यावरून खुर्ची चढवायची म्हणजे रॉकेट सोडल्यासारखंच. मी खालीच भजी मागवली. भजी खाता खाता एका आजीनं मांडीवर दहाची नोट ठेवली. आजी, मी नोकरीला आहे म्हणलं, तर म्हणती, "असू दे लेकरा, चहा पी." अन् जाता जाता स्वतःचं गाठोडंपण मांडीवर ठेवून गेली, "जरा धर, आलेच दर्शन घेऊन." ती येईस्तोवर मी हललो नाही बरं का, गाठोड्यात काय होतं कुणास ठाऊक पण लई जड होतं.

पण खरी मजा अष्टमीची, सूर्यास्ताची दहीहंडी. आता खुर्चीवरून माझ्या डोळ्यांची उंची म्हणजे पब्लिकची कंबर. हंडी कुठल्या दिशेला आहे पत्ता नाही, समोर एक करदोटा, एक चुन्याची डबी, एकाच्या मागच्या खिशातून अर्धा बाहेर आलेला मोबाईल, अन् "भानुदास एकनाथ"चा गजर नुसता अंगात घुसायलाय. हंडी फुटली हे मला आवाजावरून कळलं. मग काल्याच्या लाह्या वरून यायला लागल्या, उभ्या माणसांच्या अंगावरून घरंगळून सगळ्या खाली, अन् त्या अख्ख्या गर्दीत सपाट जागा एकच, माझी मांडी. शाल पसरलेलीच होती, भरली की!

पहिल्या पोराने न विचारता उचलल्या. मग एक बाई, "माऊली, जरा काला." मग लाईनच लागली, एक जण तर फुटरेस्टच्या पाया पडून गेला. मी आपला मूठ मूठ वाटतोय, मधेच पोलीस ओरडतोय, "प्रसाद तिकडं व्हीलचेअरवर मिळायलाय, इकडं ढकलू नका!"

मी बकाणा भरंस्तोवर शाल झटकून घडी करून हातात दिली एकाने. अन् लागलीच मागून दोन हात आले, "चला माऊली." कुठं ते याही वेळी विचारलं नाही.