दोन फुटांची भिंत
आमच्या पणजोबांनी लष्करात घर बांधलं तेव्हा त्यांना दोनच शत्रू ठाऊक होते: चोर आणि मे महिना. (लष्कर म्हणजे ग्वाल्हेरातलं. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये किल्ल्याखाली छावणी टाकली, ती उठलीच नाही, तिचं शहर झालं. माझं आडनाव त्याच छावणीबरोबर आलं आणि तेही उठलं नाही.) दोन्ही शत्रूंचा बंदोबस्त पणजोबांनी दोन फूट जाडीच्या दगडी भिंतींनी केला. वर छताला पुन्हा दगडाच्याच पटिया. बाहेर 45 अंश तापलेलं असताना आमच्या माजघरात माणसं चादर ओढून झोपतात. चोर एकदाच आला, तोही दारातून.

वायफाय दारातूनही येईना.

फायबरचा डबा पुढच्या बैठकीत, जिथं आम्ही दोघं झोपतो. मग चौक, चौकापलीकडे माजघर, त्यामागे स्वयंपाकघर, आणि त्यावर काकांची खोली. तिथं मोबाइलचीही रेंज नाही. त्यामुळे काका रोज पहाटे साडेपाचला जिना उतरून, चौक ओलांडून आमच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसत आणि आम्हाला ‘शुभ सकाळ’ पाठवत. पाठवून झालं की पाहिलं का म्हणून वाकून बघत.

बायको म्हणाली, काहीतरी कर. मी मेश मागवला, म्हणजे वायफाय एकमेकींकडे देत घरभर नेणाऱ्या डब्यांचा संच.

तीन पांढऱ्या डब्या आल्या, हळदी-कुंकवाच्या करंड्याएवढ्या. काकूला मी समजावलं, विहिरीपासून स्वयंपाकघरापर्यंत माणसं उभी करून कळशी हातोहात पुढे द्यावी, तसं हे. काकू म्हणाली, “हातोहात दिली की निम्मं पाणी सांडतं.” माहितीपत्रकात जे बारीक अक्षरात होतं ते काकूने न वाचता सांगितलं होतं. डबी ज्या लहरीवर घेते त्याच लहरीवर पुढे देत असेल, तर टप्प्यागणिक वेग जवळजवळ अर्धा होतो.

अॅपने आधी माझा ईमेल घेतला, मग लोकेशन, मग विचारलं, ही डबी कुठल्या खोलीत? लिव्हिंग रूम, बेडरूम, ऑफिस, गेस्ट रूम. माजघर नव्हतं. ओसरी नव्हती. मी माजघराला ‘ऑफिस’ केलं. त्या घरात कुणी काम करतं असं प्रथमच कागदोपत्री आलं.

माजघरात एक सुरेख कोनाडा आहे. वरच्या दगडावर कंदिलाची काजळी अजून आहे. डबी त्यात अशी बसली की जणू पणजोबांनी माप घेऊनच तो खोदला होता. सगळे बघायला जमले. दिवा लाल. अर्धा तास लाल. पाच बाजूंनी दगड आणि सहावीकडून काकू, लहर येणार कुठून? 5 गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण भिंत दिसली की आधी तीच शरण जाते. 2.4 वाली चिवट. ती निदान अर्ध्या भिंतीपर्यंत आली असावी.

“बाबा, जिथं वायफाय नाही तिथं डबी ठेवायची नसते,” मुलगी म्हणाली. “जिथं अजून थोडं येतंय तिथं ठेवायची.”

“जिथं येतंय तिथं ठेवायची तर आणली कशाला?” काका म्हणाले. मला उत्तर माहीत होतं, पण त्या क्षणी काकांचं बरोबर वाटलं.

मग ठरलं, वायर टाकायची. वायरने जोडली की कळशी सांडत नाही. नई सडकेवरून इलेक्ट्रिशियन आणला. त्याचं ड्रिल एक फुटाचं. फूटभर आत गेल्यावर त्याने घाम पुसून विचारलं, “भाईसाब, ये दीवार है कि किला?” मग पलीकडून फूटभर पाडलं. भोकं एकमेकांना भेटली नाहीत. आता त्या भिंतीला दोन भोकं आहेत आणि आरपार एकही नाही.

घरात आरपार भोक एकच होतं, स्वयंपाकघरातल्या मोरीचं, जिथून पाणी चौकातल्या गटारीत जातं. निळी वायर प्लास्टिकच्या नळीत घालून आम्ही तिथूनच आत घेतली. डबी देवघराशेजारच्या फळीवर ठेवायला गेलो तर काकू आडवी उभी राहिली. “मोरीतनं आलेलं देवापाशी नाही.” म्हणून डबी मोरीवरच्याच फळीवर, घंगाळाशेजारी राहिली. मुलीने अॅपमध्ये यादी टाळून स्वतः नाव टाइप केलं: मोरी.

दिवा पांढरा झाला. वर काकांच्या खोलीत सगळ्या दांड्या भरल्या. ‘चाललंय का’ असं ते सारखं विचारू नयेत म्हणून मुलीने त्यांच्या फोनवरही अॅप घालून दिलं. आठवडाभर आम्ही सातपर्यंत झोपलो.

परवा ऑफिसात अकराला फोनवर निरोप आला: ‘मोरी’ ऑफलाइन आहे. मला कळलं, काकूने चटणीसाठी मिक्सर लावायला डबीचा प्लग काढला असणार. फळीजवळ पॉइंट एकच आहे. म्हटलं लावेल परत. दीडपर्यंत तेच, म्हणून काकांना फोन केला.

“हो रे, मलाही आला निरोप,” काका म्हणाले. “तू काळजी करू नकोस. प्लंबर येऊन गेला. कामटी घातली त्याने, आत निळी वायर अडकली होती कसली तरी. सगळी ओढून काढली. आता पाणी बघ कसं झरझर जातंय.”