‘मेल सर्व्हरवर असतातच’: कोणते मेल, कुठल्या सर्व्हरवर?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि नौपाड्यातल्या सीएंच्या ऑफिसांपासून तुर्भ्यातल्या कारखान्यांपर्यंत जुने पीसी बदलायची घाई सुरू झाली. त्यातच सोसायट्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: जुने मेल नव्या मशीनवर न्यायला टेक्निशियनला पैसे देऊ नका. मेल सर्व्हरवर असतातच, आयडी-पासवर्ड टाकला की येतात. धाकधूक वाटत असेल तर आउटलुक या मायक्रोसॉफ्टच्या मेल प्रोग्रामची ओएसटी ही डेटा फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि नव्यात डबल क्लिक करा. फाइल मोठी असेल तर वनड्राइव्हमध्ये टाकून तिथूनच चालवा. मग जुना पीसी फॉरमॅट करून भंगारात.

टेक्निशियनशिवाय हे काम जमतं, एवढं खरं. बाकीचं एकेक करून बघू.

‘मेल सर्व्हरवर असतातच.’ जीमेल ब्राउझरमध्येच उघडणाऱ्याच्या बाबतीत हो. पण स्वतःचं डोमेन, स्वस्तातलं होस्टिंग आणि कोपऱ्यातल्या एका पीसीवर आउटलुक, अशी मांडणी असलेल्या छोट्या ऑफिसात खातं पुष्कळदा पॉपवर असतं. पॉप खातं मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरवून घेतं. सर्व्हरवर प्रत ठेवायची की नाही हे एका खुणेवर ठरतं. आउटलुक २०१० पासून ‘१४ दिवसांनी सर्व्हरवरून काढा’ हे आधीपासूनच टिक केलेलं असतं. म्हणजे २०१८ ची पर्चेस ऑर्डर सर्व्हरवर नाही, ती त्या एका डिस्कवर आहे. आणि तुम्ही पाठवलेले मेल? पॉपमध्ये सेंट आयटम्स सर्व्हरवर जातच नाहीत. जीमेलसारखी सेवा स्वतःहून प्रत ठेवते तो अपवाद. कोटेशन तुम्ही पाठवलं होतं हे दाखवायची वेळ येते तेव्हा नेमकं हेच फोल्डर रिकामं सापडतं.

तेव्हा आधी खात्याचा प्रकार बघा. आउटलुकमध्ये फाइल, अकाउंट सेटिंग्ज, पुन्हा अकाउंट सेटिंग्ज. ‘टाइप’च्या रकान्यात पॉप, आयमॅप की एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टची ऑफिसांसाठीची मेल सेवा) ते लिहिलेलं असतं. शेवटच्या दोन्हींत मेल सर्व्हरवरच राहतात, कॉम्प्युटरवर त्यांची प्रत. शेजारच्या ‘डेटा फाइल्स’ टॅबवर प्रत्येक फाइलचा पत्ता मिळतो. तिथे आर्काइव्ह नावाची वेगळी पीएसटी (आउटलुकची मेल साठवायची फाइल) दिसली तर तीही घ्यायची. त्यात सरकवलेले मेल आयमॅपवाल्याच्याही सर्व्हरवर नसतात.

आयमॅपवाल्यांसाठी अजून एक खोच. आउटलुक २०१३ पासून आयमॅप खात्याचे कॉन्टॅक्ट्स आणि कॅलेंडर फक्त त्याच कॉम्प्युटरवर राहतात. फोल्डरच्या नावापुढे इंग्रजीत ‘फक्त हा कॉम्प्युटर’ असं लिहिलेलंही असतं, वाचत कोणी नाही. नव्या मशीनवर मेल येतात, पार्ट्यांचे नंबर येत नाहीत.

‘ओएसटी कॉपी करून डबल क्लिक करा.’ हा मेसेजमधला सर्वांत चुकीचा सल्ला. ओएसटी ही सर्व्हरवरच्या मेलची स्थानिक प्रत. ज्या आउटलुक प्रोफाइलने (त्या मशीनवरच्या खात्यांच्या सेटिंग्जचा संच) ती बनवली त्याच प्रोफाइलशी ती बांधलेली असते. दुसऱ्या मशीनचं आउटलुक ती उघडत नाही, इम्पोर्टही करत नाही. मग लोक ऑनलाइन कन्व्हर्टर शोधतात आणि वाचवलेले पैसे तिथे घालवतात. ओएसटी असेल तर जुनं मशीन चालू असतानाच त्यातून पीएसटी काढायची: फाइल, ओपन अँड एक्स्पोर्ट, इम्पोर्ट-एक्स्पोर्ट, एक्स्पोर्ट टू अ फाइल, आउटलुक डेटा फाइल. तिथे खात्याचं सर्वांत वरचं नाव निवडा आणि ‘सबफोल्डर्स’वर टिक करा. खाती तीन असतील तर हेच तीनदा. एक्स्चेंजवाल्यांनी त्याआधी अकाउंट सेटिंग्जमधली ऑफलाइन मेलची पट्टी ‘ऑल’वर सरकवावी आणि सगळं उतरू द्यावं. ती अनेकदा एका वर्षावर असते. तशीच ठेवली तर एक्स्पोर्टमध्येही वर्षभराचेच मेल येतात.

पॉपवाल्यांची फाइल मुळातच पीएसटी असते, ती थेट कॉपी होते. आउटलुक बंद करा, टास्क मॅनेजरमध्ये ते खरंच बंद झालंय का बघा, मग कॉपी. पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर बसत नाही, पेनड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी. विंडोज ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणतं आणि माणूस दुसरा पेनड्राइव्ह आणायला धावतो. त्याची गरज नाही. आहे तोच एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, आतलं सगळं पुसलं जाईल एवढं लक्षात ठेवून. स्वस्त पेनड्राइव्ह सेकंदाला ८-१० एमबीने लिहितो, म्हणजे २० जीबीला ३५-४० मिनिटं. पावसाळ्यात यूपीएसशिवाय हे काम काढू नका.

‘वनड्राइव्हमध्ये ठेवून तिथूनच चालवा.’ नको. फुकटची जागा ५ जीबी, हा झाला छोटा मुद्दा. मोठा मुद्दा असा की आउटलुक चालू असताना पीएसटीत सतत लिहीत असतं आणि वनड्राइव्ह तीच फाइल वर चढवायला बघतं. दोघांच्या ओढाताणीत सिंक अडतो, फाइल बिघडूही शकते. आणि हे न मागताही घडतं: नव्या लॅपटॉपवर ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर पुष्कळदा वनड्राइव्हला जोडलेलाच येतो आणि आउटलुक पीएसटी तिथेच ठेवू पाहतं. म्हणून फाइल सी किंवा डी ड्राइव्हवर ‘मेल’ असा साधा फोल्डर करून त्यात ठेवा. पेनड्राइव्हवरून किंवा ऑफिसच्या नेटवर्क ड्राइव्हवरूनही ती चालवायची नाही.

आता नव्या मशीनवरची मांडणी, कारण त्या मेसेजमध्ये ती नाहीच. जुन्या पीसीची नेटची वायर आधी काढा, नाहीतर दोन्ही मशीन मेल ओढतील आणि काही इथे, काही तिथे अशी वाटणी होईल. क्लासिक आउटलुक वापरा; वर उजवीकडचं ‘न्यू आउटलुक’चं बटण बंद ठेवा, पीएसटीच्या कामाला ते अपुरं आहे. कंट्रोल पॅनलमधल्या ‘मेल’मधून पॉप खातं हाताने टाका आणि नवे मेल कुठे यावेत असं विचारलं की ‘एक्झिस्टिंग डेटा फाइल’ निवडून कॉपी केलेली पीएसटी दाखवा. मेल घेण्यासाठी बहुतेक होस्टिंगवर पोर्ट ९९५ आणि एसएसएल. पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७. पासवर्ड पीएसटीबरोबर येत नाही, तो आधीच हाताशी ठेवा. सर्व्हरवर उरलेले मेल पुन्हा उतरतील आणि दुहेरी दिसतील. ते नंतर काढता येतात. सह्या वेगळ्या, ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खाली ‘सिग्नेचर्स’ फोल्डरमध्ये असतात.

पीएसटी उघडताना एरर आली तर मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या फोल्डरमधला स्कॅनपीएसटी हा फाइल दुरुस्त करणारा प्रोग्राम चालवा, पण मूळ फाइलवर नाही, प्रतीवर. एका फेरीत भागेलच असं नाही.

आउटलुकऐवजी थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम वापरणाऱ्यांचं सोपं: प्रोग्राम बंद करून ‘प्रोफाइल्स’मधला अख्खा फोल्डर उचला, नुसता ‘मेल’ फोल्डर नको. मग पासवर्ड आणि ॲड्रेस बुकही सोबत येतात.

‘फॉरमॅट करून भंगारात द्या.’ त्याच दिवशी तर मुळीच नको. पहिले काही तास नव्या आउटलुकमध्ये सर्च अर्धवट चालतो, कारण इंडेक्स (सर्चसाठीची सूची) बनत असतो. ‘मेल गेले’ अशी निम्मी ओरड यातूनच होते. खरी तपासणी संख्येने करा: फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘एकूण आयटम’ दाखवा, आणि इनबॉक्स, सेंट व आर्काइव्हचे आकडे दोन्ही मशीनवर ताडून बघा. दुहेरी उतरलेल्यांमुळे नव्यावरचा आकडा थोडा जास्त चालेल, कमी चालणार नाही. दहा-बारा जुन्या मेलची अटॅचमेंट उघडूनही बघा.

जुन्या पीसीत एसएसडी असेल तर फॉरमॅटनंतर डेटा परत मिळण्याची आशा जवळपास सोडाच. ‘ट्रिम’ या सोयीमुळे रिकामे झालेले कप्पे ड्राइव्ह स्वतःच पुसून टाकते. जीएसटीचे हिशेब आणि कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात, आणि बरीच बिलं फक्त मेलमध्येच पडलेली असतात. डिस्क काढून, वर तारीख लिहून, कपाटात ठेवा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की त्याच पाकिटावर लिहू नका, पण डिस्क काढायच्या आधी लिहून मात्र घ्या. दुसऱ्या मशीनला जोडलीत की ती पहिल्यांदा तीच की मागेल.