‘पार्ट बदलला नाही, तरी पैसे घेतले’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू वाचला. कपडे वाळवायच्या ड्रायरखालून पाणी येतं म्हणून तुम्ही बोलावलंत, आमच्या मेकॅनिकनं नुसती साफसफाई करून पैसे घेतले, पंप बदलला नाही आणि आठवड्याच्या आत पुन्हा फरशीवर पाणी आलं, असं तुम्ही लिहिलंय. पैसे देऊनही घरात पाणी साचलं तर राग येणारच. पण पंप बदलायला हवा होता, हे मला पटत नाही.

तुमचा ड्रायर कंडेन्सरचा आहे. ७ किलो कपडे वॉशिंग मशीनमध्ये १००० आरपीएमवर (मिनिटाला हजार फेरे) पिळले तरी त्यात ४ लिटरच्या आसपास पाणी राहतं. ड्रममधली गरम दमट हवा कंडेन्सरमध्ये गार होते, हे पाणी तळाच्या खोलगट भागात उतरतं आणि तिथला छोटा पंप ते वरच्या टाकीत चढवतो. वाटेत कुठं कपड्यांची लव अडकली की पाणी फरशीवर येतं. पंपाच्या तोंडाशी आणि फ्लोटच्या (पाणी वाढलं की वर उचलला जाणारा तरंगता भाग) खाली ओल्या लवेचा राखाडी लगदा घट्ट बसला होता. फ्लोट वर उचलला जात नव्हता, म्हणून टाकी भरल्याचा दिवाही लागत नव्हता. लगदा काढून तळात अर्धा लिटर पाणी ओतलं आणि मशीन चालवलं, तर ते पाणी टाकीत गेलं. म्हणजे पंप ठणठणीत आहे. चांगला पंप बदलून तुम्हाला भुर्दंड कशाला द्यायचा?

आता पुन्हा आलेल्या पाण्याचं. टाकी नेहमीसारखी भरतेय, हे तुम्हीच लिहिलंय. पंप गेला असता तर टाकी कोरडी राहिली असती. तुमच्या फोटोत पाणी पुढच्या बाजूला, कंडेन्सरच्या झाकणाखाली दिसतं. अशा वेळी पहिला संशय कंडेन्सरच्या गॅस्केटवर, म्हणजे फट बंद करणाऱ्या रबरी पट्टीवर. घरी बघायचं असेल तर प्लग काढा, अर्धा तास मशीन गार होऊ द्या. दोन्ही खिट्ट्या फिरवून कंडेन्सर बाहेर ओढा आणि नळाखाली दोन्ही बाजूंनी धुवा. ब्रश किंवा टोकदार काही घालू नका, पातळ पत्रे वाकतात. मग ओल्या फडक्यानं गॅस्केट आणि ते जिथं टेकतं ती कड पुसा. सगळीकडून बोट फिरवून बघा: लवेचा एक पुंजका मध्ये आला तरी तेवढ्या फटीतून पाणी झिरपतं. कंडेन्सर शेवटपर्यंत आत ढकलून खिट्ट्या पूर्ण फिरवा; अर्ध्यावर राहिलेली खिट्टी हेसुद्धा गळतीचं नेहमीचं कारण आहे. गॅस्केटला चीर असेल तर ते बदलायचंच. कृपया सिलिकॉन लावू नका, पुढच्या वेळी कंडेन्सर निघणार नाही.

मशीन कललेलं नाही ना, हेही लेव्हलनं तपासा. आणि पाणी खाली न येता भिंतीवर, काचेवर थेंब धरत असतील तर ती गळती नाही, वाफ आहे. आपल्याकडं पावसाळ्यात ड्रायर बंद खोलीत लावतात, खोली तापते आणि कंडेन्सरला गार हवाच मिळत नाही. खिडकी उघडी ठेवा.

बरेच जण टाकीतलं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात. त्यात लव आणि साबणाचा अंश असतो, घालू नका.

आमच्या कामाला महिना झालेला नाही, त्यामुळं पुन्हा येण्याचे पैसे लागणार नाहीत. गॅस्केट चिरलेलं निघालं तर फक्त त्याची किंमत द्यावी लागेल, आणि जुनं तुमच्या हातात देऊ. तोवर प्लग काढूनच ठेवा, खाली वायरिंग आहे. मशीनचा पुढचा भाग मात्र आम्ही येईपर्यंत पुसू नका; ओघळ कुठून सुरू झालाय त्यावरूनच गळतीची जागा कळते.