‘खराब रेकॉर्ड गळ्यात मारली’ या तक्रारीला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार,

दोन तारे दिलेत, तेही ‘एसी चांगला आहे म्हणून’. वाचून हसू आलं आणि चरकायलाही झालं.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बाबा ७८ वर्षांचे, जन्मभर अमेरिकन गायक जिम रीव्हज ऐकलेले. त्यांच्या वाढदिवसासाठी ‘जुन्या गायिकेची कंट्री’, म्हणजे अमेरिकेतलं गावाकडच्या वळणाचं संगीत, मागितलीत, आम्ही लॉरेटा लिन या गायिकेची ‘व्हॅन लिअर रोझ’ ही रेकॉर्ड दिली. घरी लावली तर गिटारचा आवाज फाटलेला, दुसऱ्या गाण्यात दीडेक मिनिट कोणी गातच नाही, मग मध्येच एक पोरगा सूर लावतो. एका गाण्यात तर बाई नुसत्या गोष्ट सांगतात. रेकॉर्ड खराब म्हणून परत आणलीत, तर काउंटरवरच्या मुलाने ‘उघडलेला माल परत घेत नाही’ म्हणून वाटेला लावलं. शिवाय किंमतही जास्त लावली.

मुलाबद्दल आधी. बिलावर तसं छापलंय खरं, पण रेकॉर्ड लावून न बघता कोणाला परत पाठवायचं नाही, हे मी त्याला शिकवायला हवं होतं. माफ करा.

आता रेकॉर्ड. तुम्ही परीक्षणासोबत टाकलेली क्लिप मी दुकानातल्या दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहिली. चरा असता तर ३३च्या स्पीडला (मिनिटाला साधारण ३३ फेऱ्या) दर फेरीला, म्हणजे १.८ सेकंदांनी, ‘टक्’ आलं असतं. तसं काही नाही. दोन्हीकडे तीच गिटार, तशीच फाटलेली. ती मुद्दाम तशी वाजवली आहे.

वाजवणारा म्हणजेच तुमचा ‘पोरगा’, जॅक व्हाइट. त्याच्या व्हाइट स्ट्राइप्स बँडने २००१ सालचा आपला अल्बम लॉरेटाबाईंना अर्पण केला होता. ही रेकॉर्ड निघाली तेव्हा, २००४ साली, बाई ७२ वर्षांच्या, निर्माता हा अठ्ठावीसचा. नॅशव्हिलमध्ये रेकॉर्डिंग झालं, तेराही गाणी बाईंच्या लेखणीची, एखाद-दोन ठिकाणी दुसऱ्याचा हात. व्हॅन लिअर म्हणजे अमेरिकेच्या केंटकी राज्यातलं कोळशाच्या खाणीचं गाव. बाईंचे वडील तिथे खाणीत होते, आणि रेकॉर्डच्या नावाचं गाणं आईवर आहे. पुढच्या वर्षी दोन ग्रॅमी मिळाले, त्यातला एक तुम्हाला खटकलेल्या त्याच दुसऱ्या गाण्याला. पण ग्रॅमी मिळाला म्हणून तुमच्या बाबांना आवडायलाच हवं, असं काही नाही.

चूक माझी आहे, आणि ती वेगळीच आहे. जिम रीव्हज म्हणजे मखमल: मागे व्हायोलिनं, कोरस, आणि माइकच्या अगदी जवळून, कानात बोलल्यासारखा आवाज. तो १९६४ला विमान अपघातात गेला, पण आपल्याकडच्या कितीतरी घरांत अजून रविवारी सकाळी गातोय. मी ‘कंट्री’ एवढंच ऐकलं, ‘जिम रीव्हज’ ऐकलंच नाही. बासुंदी मागणाऱ्याला ठेचा वाढला. ठेचा उत्तम आहे हो, पण वाढदिवसाला नव्हे.

आपल्या नादात विकलं मी. ही रेकॉर्ड माझी लाडकी आहे, त्यामुळे कोणीही ‘जुनी गायिका’ म्हटलं की हात आपोआप तिच्याकडेच जातो. ही खोड काढायला हवी.

किंमत जास्त लावली हे मात्र मान्य नाही. बाहेरून येणाऱ्या एलपीला वाहतूक आणि ड्युटी पडते. हिशेब बघायचा असेल तर दाखवतो.

तर रेकॉर्ड घेऊन या. बदल्यात जिम रीव्हजची कुठलीही निवडा, वरचा फरक मी घेणार नाही. बदली नको असेल तर पूर्ण पैसे परत.

फक्त आणण्याआधी एक कराल का? दुसऱ्या बाजूचं शेवटून दुसरं गाणं बाबांना एकदा ऐकवा. त्यात फाटलेली गिटार नाही, ढोल-ताशे नाहीत. पंधराव्या वर्षी लग्न झालेली बाई, नवरा १९९६ला गेला. आता लग्नाची अंगठी एका हातातून काढून दुसऱ्या हातात घालते आहे, एवढंच गाणं. नाही आवडलं तर राहिलं.

सोमवारी दुकान बंद असतं. बाकी दिवशी ११ ते ८ मी स्वतः असतो. आतली कागदी पिशवी तेवढी विसरू नका.

– दुकानमालक