तुपामुळे नव्हे

इंदूरच्या आमच्या नातलगांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद कायमचा मुक्कामाला आहे: पूर्वीच्या बायका दणकट, आताच्या नाजूक. पुरावा म्हणून रामबागेतल्या, नव्वदी ओलांडलेल्या आत्याबाईंचा फोटो. घरचं तूप, जात्यावरचं दळण वगैरे. इथे योकोहामात बसून मी ते वाचते आणि चिडते.

फोटोत उरलेल्याच दिसतात. बाळंतपणात गेलेल्या जावा, गोवरात गेलेल्या मुली कोण मोजणार? १९७०-७५च्या सरकारी नमुना नोंदणीनुसार भारतीय बाईचं सरासरी आयुर्मान ४९ वर्षं होतं आणि पुरुषाचं त्याहून दीड वर्ष जास्त. जगात बहुतेक ठिकाणी बाई जास्त जगते, आपल्याकडे उलटं होतं. सरासरी बालमृत्यूंनी खाली ओढली जाते हे मान्य. पण मग मुलीच जास्त का दगावत होत्या? ऐंशीच्या दशकात आयुर्मानात बाई पुढे गेली आणि २०१६-२०पर्यंत ती ७१.४, तो ६८.६ असं झालं. लसी, दवाखान्यातली बाळंतपणं, कमी मुलं. तुपाचा संबंध नाही. तरीही २०१८-२०मध्ये लाख जन्मांमागे दगावणाऱ्या माता केरळात १९, आपल्या मध्य प्रदेशात १७३. इंदूर स्वच्छतेत पहिलं आल्याचं फॉरवर्ड करणाऱ्यांनी हेही करावं की!

जपानी बाईचं आयुर्मान १९४७मध्ये ५४च्या आसपास होतं, आता ८७. शंभरी गाठणाऱ्याला सरकार चांदीचा पेला देतं. १९६३मध्ये असे १५३ जण होते, आता नव्वद हजारांच्या वर, त्यात बहुतेक बायकाच. परवडेना म्हणून पेल्याला २०१६पासून नुसता चांदीचा मुलामा असतो. खरी गोष्ट पेल्याची नाही. २०००पासून इथे चाळिशीनंतर प्रत्येकाला शुश्रूषा विम्याचा हप्ता भरावा लागतो, म्हणून शेजारच्या आजींना अंघोळ घालायला बाई येते आणि त्यांना सहसा खर्चाचा दहावा हिस्साच द्यावा लागतो. स्वर्ग नाही हा. आयुष्यभर अर्धवेळ नोकरी केलेल्या एकट्या म्हाताऱ्यांचं पेन्शन तुटपुंजं असतं.

"आपल्याकडे सून असते," असं चुलतभाऊ लिहितो. सून पुण्यात नोकरीला, नाहीतर स्वतःच साठीची, गुडघे धरून बसलेली. आणि नवरा वयाने मोठा, बाई जगते जास्त, म्हणजे शेवटची वर्षं बहुधा वैधव्याची. केंद्राचा विधवा पेन्शनचा वाटा ऐंशीपर्यंत महिना ३०० रुपये, पुढे ५००.

मग कुणीतरी अहिल्याबाईंचा दाखला देतं: अठराव्या शतकात, विधवा असून सत्तर वर्षं जगल्या. जगल्या, पण होळकरांच्या बायकांकडे खासगी होती, दौलतीपासून वेगळं, त्यांच्या स्वतःच्या हक्काचं उत्पन्न. इंदूरकरांना हे मी सांगायला नको. तेव्हा आत्याबाई काय खातात हे पुरे झालं. ज्या घरात त्या राहतात ते कुणाच्या नावावर आहे, बँकेच्या पासबुकावर सही कोण करतं, हे ग्रुपवर विचारा.