बारा व्होल्ट करणाऱ्यांचे बारा वाजोत

माझी जुनी गाडी सहा व्होल्टच्या बॅटरीवर चालते, आणि ज्याला त्याला तिचे आजच्या गाड्यांसारखे बारा व्होल्ट करायचे आहेत. पेट्रोल पंपावरचा पोरगा सांगतो, सोसायटीतले काका सांगतात, ज्यांनी आयुष्यात स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडलं नाही असे आमचे मेव्हणेसुद्धा सांगतात. "अहो, सहा व्होल्टवर काय चालवताय? बॅटरी बदला, बल्ब बदला, विषय संपला." विषय संपत नाही हो. तिथून सुरू होतो.

गाडी १९५२ची डॉज किंग्जवे. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात जोडलेली, वडिलांकडून माझ्याकडे आलेली. सहा व्होल्ट आणि पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं प्लसचं टोक बॉडीला. हे मी गॅरेजवाल्याला तोंडी सांगितलं, वर कागदावर लिहून तो कागद स्टिअरिंगला चिकटवला. काम काय होतं? मडगार्डचा पत्रा आणि रंग. आणि दिवे मंद आहेत म्हणून होल्डर आणि अर्थिंग घासून साफ करणं. बस्स.

परत मिळाली तेव्हा बॅटरी बारा व्होल्टची, नवीकोरी. बल्ब बाराचे, ठिणगीसाठी व्होल्टेज चढवणारी कॉइल बाराची. बाकी सगळं सहाचं, जिथल्या तिथे. आणि बॅटरीचा मायनस बॉडीला! विचारलं तर इलेक्ट्रिशियन म्हणतो, "सगळ्या गाड्यांना असाच असतो, साहेब." कागद अजून स्टिअरिंगलाच होता.

आता या अर्धवट शहाणपणाने काय काय झालं ते ऐका. बॅटरी चार्ज करणारा डायनामो जुनाच, पॉझिटिव्ह अर्थला पोलराइझ केलेला, म्हणजे त्याच्या विजेची दिशा तशी ठरवलेली. बॅटरी उलटी जोडली तर डायनामोला नव्याने पोलराइझ करावं लागतं, हे त्याच्या गावीही नाही. डायनामोला बॅटरीशी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कटआउटने कॉन्टॅक्ट जोडला तेव्हा डायनामो एका दिशेने ढकलतोय आणि बॅटरी दुसऱ्या. कॉन्टॅक्ट जळून एकमेकांना चिकटले. चार्जिंग शून्य. त्यावर उपाय? "साहेब, बॅटरी अधूनमधून दुकानात आणून चार्ज करून घेत जा." अरे, मग डायनामो काय शोभेला ठेवलाय?

कॉइलच्या वायरी जुन्याच बाजूंना. म्हणजे बॅटरी उलटली, कॉइल नाही. स्पार्क प्लगमध्ये ठिणगी मधल्या तापलेल्या टोकाकडून बाहेर उडायला हवी, तशी ती कमी व्होल्टेजवर उडते. उलट्या दिशेने जास्त जोर लागतो. परिणाम: चढावर गाडी मिसिंग मारते. पेट्रोलचा गेज जळाला. ऑइल प्रेशरच्या काट्याला वीज लागतच नाही, म्हणून तो बिचारा वाचला. हॉर्न काही दिवस असा केकाटत होता की पुढचा रिक्षावाला दचकून बाजूला व्हायचा, मग कायमचा गप्प झाला.

आणि रेडिओ. यावर मी अजून शांतपणे बोलू शकत नाही. व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा रेडिओ, त्यांच्या आतल्या तापणाऱ्या तारा, म्हणजे फिलामेंट, ६.३ व्होल्टचे. तो ६.३ आकडा आलाच मुळी मोटारीच्या बॅटरीवरून, कारण सहा व्होल्टची पूर्ण चार्ज झालेली बॅटरी तेवढे व्होल्ट दाखवते. इलेक्ट्रिशियनने "बघू चालतो का" म्हणून बटण फिरवलं. व्हॉल्व्ह एकदा लख्ख उजळले असतील, त्या क्षणी त्याला वाटलं असेल की वा, काय भारी चालतोय!

मुळात दिवे मंद होते ते सहा व्होल्टमुळे नव्हतेच. ४५ वॉटचा बल्ब सहावर ७.५ अँपिअर खेचतो, बारावर ३.७५. करंट दुप्पट, म्हणून सहाच्या गाडीला वायर जाड लागते आणि प्रत्येक जोड स्वच्छ लागतो. गंजलेल्या अर्थिंगमध्ये १ व्होल्ट जरी हरवला तर सहाचे पाच उरतात, आणि फिलामेंटचं असं असतं की एवढ्याने उजेड जवळजवळ निम्मा होतो. त्याच गंजलेल्या वायरिंगवर बारा चढवले की अर्धाच व्होल्ट हरवतो, उजेड जेमतेम सातवा हिस्सा घटतो. झालं! "बघा साहेब, दिवे कसे लागले!" गंज तिथेच आहे राजा, तू फक्त तो लपवलास. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या अर्थच्या टोकाला, दुसरी होल्डरच्या पत्र्याला, दिवा लावायचा आणि आकडा वाचायचा. एक मिनिटाचं काम. पण मल्टिमीटर काढायला खिशातला मोबाइल आधी खाली ठेवावा लागतो ना!

"पण मग कंपन्यांनी बारा व्होल्ट का केले?" हा मेव्हण्यांचा लाडका प्रश्न. कारण अमेरिकेत मोठी, जास्त कॉम्प्रेशनची (म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण जास्त दाबणारी) आठ सिलिंडरची व्ही-एट इंजिनं आली, त्यांना फिरवायला दणकट सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, आणि जोरदार स्पार्क लागला. जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक-ब्युइक १९५३ला बदलल्या, शेवरोले १९५५ला, फोर्ड आणि क्रायस्लर १९५६ला. माझं सरळ सहा सिलिंडरचं, ७ला १ कॉम्प्रेशनचं इंजिन बिचारं त्या शर्यतीत नव्हतंच. ते सहा व्होल्टवर अर्ध्या गिरकीत सुरू व्हायचं. आता सहाचा सेल्फ बारावर असा भिरभिरतो की त्याचे दात फ्लायव्हीलच्या रिंगवर खण्णकन आदळतात. रिंग गेली तर गिअरबॉक्स उतरवायचा, तो कोण उतरवणार, मेव्हणे?

पूर्ण काम करणाऱ्यांना माझा नमस्कार आहे. डायनामोच्या जागी अल्टरनेटर, गेजला व्होल्टेज उतरवणारा रिड्यूसर, हॉर्न, फ्लॅशर, सगळं विचार करून बदलणारे लोक आहेत. रात्री हायवेवर गाडी काढायची तर करावं तसं. माझं भांडण बॅटरी-बल्ब-बिल एवढ्यावर थांबणाऱ्यांशी आहे. हो, बिल. त्यात 'बारा व्होल्ट कन्व्हर्जन' अशी वेगळी ओळ होती, मजुरीसकट.

मी म्हटलं, ठीक आहे, पुन्हा सहावर आणतो. बॅटरी ऑर्डर देऊन बनवून घेईन, रेडिओचे व्हॉल्व्ह चोरबाजारात हुडकेन. सेल्फला आता बाजारातली रेडीमेड बारीक केबल लावलीय, ती सहाला चालणार नाही, म्हणून जुनी केबल परत मागितली. अंगठ्याएवढी जाड, मूळची, सत्तर वर्षांत एकदाही न तापलेली. तर गॅरेजवाला म्हणाला, "ती होय? भंगारात दिली साहेब. तांबं चांगलं भरलं."