अण्णांनी अकरा दिवस सांगितलं नाही

माझे वडील पोस्टात होते. मनीऑर्डरचे पैसे देताना नोटा दोनदा मोजायचे आणि मग समोरच्याला मोजायला लावायचे. गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका मुलांची पत्रं त्यांच्याकडूनच वाचून घेत. त्यांच्या खात्यातून फेब्रुवारीत अडतीस हजार रुपये गेले आणि आम्हाला अकरा दिवस पत्ताच नव्हता.

मेसेज तोच, सगळीकडे फिरणारा. बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर फोन करा. पलीकडच्याने गोड बोलून एक ॲप टाकायला लावलं आणि म्हणाला, "काका, फक्त दहा रुपये भरा." त्या ॲपमुळे अण्णांची स्क्रीन त्याला दिसत होती. त्यांनी काय काय टाइप केलं, कुठला ओटीपी आला, सगळं.

"हे रात्री उठून बसतात," असं आई फोनवर म्हणाली म्हणून मी गेले. अण्णांनी खिशातली डायरी पुढे केली. त्यांच्या वळणदार अक्षरात तारीख, वेळ, रक्कम, व्यवहाराचा नंबर, सगळं टिपलेलं. फक्त कुणाला दाखवलेलं नव्हतं.

"अण्णा, सांगितलं का नाहीत?"

"तू ओरडली असतीस."

ओरडलेच असते. दिवाळीत किराणा दुकानात त्यांना क्यूआर कोड स्कॅन होईना, तेव्हा मी चारचौघांत त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला होता. "राहू द्या, तुम्हाला नाही जमणार." दुकानदार त्यांना चाळीस वर्षं ओळखतो. अण्णा काही बोलले नाहीत, पिशवी उचलून पायरी उतरले. ते मला आता आठवतं आणि पोटात कालवतं.

पहिल्या दिवशी अठरा हजार गेले होते, तिसऱ्या दिवशी वीस. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे आपण स्वतः माहिती देऊन बसलो तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे अण्णांनी त्याच रात्री मला हाक मारली असती, तर ते वीस हजार बुडाले नसते. सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवताही येतात, पण अकरा दिवसांत ते कुठल्या कुठे गेलेले असतात.

ओटीपी देऊ नका, लिंक उघडू नका, हे आपण आईवडिलांना रोज फॉरवर्ड करतो. करावंच. पण फसल्यावर पहिला फोन आपल्याला करावासा वाटेल, असं आपण त्यांच्याशी वागतो का? माझं स्पष्ट मत आहे, की आपल्या घरांत या चोरांना सगळ्यात जास्त मदत आपल्या तोंडाची होते. आणखी एक. त्यांच्या भल्यासाठी म्हणून न विचारता त्यांचे मेसेज वाचणं, बँकेला परस्पर आपला नंबर देणं, हेही मला पटत नाही. विचारा. बहुतेक वेळा ते हो म्हणतील.

आता मी शेजारी बसते, हात मांडीवर ठेवून. परवा गॅसचे पैसे त्यांनी स्वतः भरले, चौदा मिनिटं लागली. पिन टाकताना मी मान वळवली. पैसे गेल्याचा आवाज आला, तसा त्यांनी चष्मा काढला, डायरीत रक्कम लिहिली, आणि १९३० हा आकडा पहिल्या पानावर ठळक करून खाली दोन रेघा ओढल्या.